फी परत नको

गल्लीतल्या अर्ध्या लोकांना तिचं खरं नाव माहीतच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते कधीच विसरून गेले होते. सगळे तिला ओटीपीवहिनी म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते आवडायचं. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. एक कॉम्प्युटर, खोकत खोकत छापणारा एक प्रिंटर, कागदावर प्लास्टिक चढवायचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी खुर्च्या. त्यातली पाय मोडकी खुर्ची फक्त उधारीवाल्यांसाठी राखीव. नोकरीचा अर्ज म्हणा, परीक्षेचा म्हणा, दाखला म्हणा, काय हवं ते ती भरून द्यायची. परीक्षा मंडळाने दिलेला अधिकृत केंद्राचा कोड तिने फ्रेम करून भिंतीवर लावला होता आणि न वाचता सही करणाऱ्या माणसाला ती त्या फ्रेमखाली उभं करून सगळ्यांदेखत झापायची.

आता हे ओटीपीचं नाव कसं पडलं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. अर्ज भरताना मोबाइल नंबर लागतो. त्या नंबरवर आकडे येतात, ते टाकले तरच गाडी पुढे सरकते. आणि गल्लीतल्या लोकांच्या फोनची कथा काय सांगावी! कुणाचा रिचार्ज संपलेला, कुणाचा फोन मुलाकडे आणि मुलगा परगावी, कुणी स्वस्त योजना दिसली की नवं सिम घेणारा. हॉलतिकिटाचा मेसेज जुन्या नंबरवर जायचा आणि परीक्षा उरकल्यावर माणूस दारात येऊन कपाळ बडवायचा. असं एकदोनदा झाल्यावर वहिनीने पद्धतच पाडून टाकली. अर्ज कुणाचाही असो, नंबर तिचा.

लोकांची सोय झाली हे नाकारता येणार नाही. मेसेज आला की ती खिडकीतून हाक मारायची, माणूस चपला अडकवून धावत यायचा. पण हळूहळू अशी वेळ आली, की कुणाच्या घरात काय चाललंय ते घरच्यांच्या आधी वहिनीला कळायला लागलं. कोण पास, कोण नापास, कुणाचा अर्ज फेटाळला. तिने कुणाचं वाईट कधी केलं नाही. फक्त विचारणं सुटत गेलं. पूर्वी ती म्हणायची, तुमचा ओटीपी आलाय, टाकू का? मग म्हणायला लागली, टाकलाय बरं का. पुढे पुढे तेवढंही सांगेनाशी झाली, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरात नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि नवऱ्याची थोरली बहीण. वहिनी तिला वन्सं म्हणायची, आपणही तेच म्हणू. वन्संच्या नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला तेव्हा वन्सं एक सुटकेस घेऊन भावाच्या दारात आल्या. चार दिवसांसाठी म्हणून आल्या, त्याला वर्षं लोटली. एका खासगी नर्सिंग होममध्ये त्या नर्स होत्या. पगार बेताचा, त्यातलाही बराचसा घरात द्यायच्या. दुपारी घरी आल्या की स्वयंपाक, धुणं, मुलांचा अभ्यास. वहिनी कॉम्प्युटरसमोर निवांत बसू शकायची ती वन्संच्या जिवावर. फुकटची बाई मिळाली हो हिला, असं गल्लीत बोललं जायचं. ते वहिनीच्या कानावर आलं होतं आणि तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

वन्संना स्वतःची खोली नव्हती. दुकान बंद झालं की खुर्च्या एकमेकींवर चढवायच्या, प्रिंटरच्या टेबलाखालचं अंथरूण ओढायचं आणि तिथेच आडवं व्हायचं. एखादं गिऱ्हाईक उशिरापर्यंत ठाण मांडून बसलं तर वन्सं आत ओट्याला टेकून डुलक्या काढायच्या, पण 'आता पुरे' म्हणायच्या नाहीत. कशालाच काही म्हणायच्या नाहीत. काहीही झालं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं, 'असू दे.'

या बाईने आयुष्यात एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली, ती म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्सची परीक्षा. ती नोकरी लागली की राहायला खोली मिळते. एकदा भांडी घासता घासता त्या वहिनीला म्हणाल्या होत्या, की निवड झाली तर पहिल्या सुट्टीला दाराला आतून कडी लावून भर दुपारी झोपणार. दोघी हसल्या होत्या. पण वयाची अट होती आणि वन्संचं वय त्या अटीच्या काठावर येऊन उभं होतं. ही परीक्षा हुकली की पुढच्या परीक्षेला दार बंद. हे वहिनीला ठाऊक होतं. अर्ज तिनेच भरला होता, फी तिनेच भरली होती, आणि नंबर अर्थातच तिचा टाकला होता.

आणि पेपर फुटला. परीक्षा रद्द झाली. वन्संनी ती बातमी भाजी चिरता चिरता ऐकली आणि भाजी चिरत राहिल्या. थोड्या दिवसांनी मंडळाने जाहीर केलं, की ज्याने फी परत मागितली त्याला ती मिळेल. झालं! गल्ली वहिनीच्या दारात लोटली. आमचे पैसे कधी, आमचे पैसे कधी. वेबसाइट म्हणजे अडेल घोडा, पुढे टाकलेलं पाऊल मागे. मंडळाची सूचना दोन पानी होती. पहिल्या पानावर परतावा कसा मागायचा ते होतं, ते वहिनीने वाचलं. दुसरं पान उघडता उघडेना, म्हणून तिने नाद सोडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मग वेबसाइट एकदाची सुरळीत चालायला लागली तशी तिने यादी पुढ्यात घेतली आणि एकेकाचा परतावा मागत सुटली. आकडे यायचे तिच्याच फोनवर, टाकायचे तिनेच. यादीत वन्संचं नाव आलं. वन्सं भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात होत्या, एक हाक मारली असती तर आल्या असत्या. वहिनीने हाक मारली नाही. हात चालत होते तसे चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बसचा ड्रायव्हर दुकानात आला. त्याने त्याच भरतीत रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर व्हायला अर्ज केला होता, आणि बँकेचा खाते क्रमांक दिला नव्हता म्हणून त्याचा परतावा तेवढा राहून गेला होता. वहिनी म्हणाली, बरं झालं आलात, द्या तो क्रमांक. ड्रायव्हरने दोन्ही हात हलवले. छे छे, फी परत नको. त्याने सूचनेचं दुसरं पान वाचलं होतं. परीक्षा पुन्हा होणार होती, आणि ज्यांनी फी परत घेतली नाही त्यांचा जुना अर्ज जुन्याच वयाने धरणार होते. ज्यांनी फी घेतली त्यांचा हिशेब मिटला, त्यांनी नवा अर्ज नव्या वयाने करायचा. ड्रायव्हरचंही वय उलटून चाललं होतं. माझं नशीब थोर म्हणून खाते क्रमांक द्यायचा विसरलो, असं म्हणून तो हसत निघून गेला.

वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. तरण्या पोरांना काय, ती नवा अर्ज करतील. वन्सं काय करतील? तिने दुसरं पान उघडलं, आणि मेलं ते आज पटकन उघडलं. ड्रायव्हर बोलला ते शब्दन् शब्द खरं होतं. तिने वन्संचा अर्ज उघडला. 'परतावा मंजुरीच्या प्रक्रियेत,' असं हिरव्या अक्षरांत आलं होतं. मागे घ्यायचं बटण कुठे दिसेना. मदतीच्या फोनवर संगीत वाजत राहिलं. शेवटी तिने दाराला पाटी अडकवली, मुलांना सांगितलं प्रिंटरची शाई आणायला जातेय, आणि मंडळाच्या ऑफिसला जाणारी बस पकडली.

बसमध्ये तिच्या मनात एकच घोकणं चालू होतं, वन्संना कळायच्या आत निस्तरायचं. चूक झाली ती झाली, दुरुस्त झाली की ती झालीच नाही असं म्हणायचं. आपण इतक्या लोकांची कामं करतो, एक काम उलटं फिरवता येणार नाही होय? असं म्हणून ती स्वतःलाच धीर देत होती.

मंडळाच्या ऑफिसात चौकशीच्या खिडकीपलीकडे केस आवळून बांधलेल्या एक बाई बसल्या होत्या. वहिनीने सांगितलं, की माझ्या एक नातेवाईक आहेत, त्यांचा परतावा चुकून मागितला गेला, तो थांबवायचाय. बाईंनी विचारलं, कुणी मागितला? वहिनी म्हणाली, म्हणजे तसा चुकूनच. बाईंनी मान वर केली आणि नीट समजावून सांगितलं, हे मात्र मान्य करायला हवं. उमेदवाराने स्वतः परतावा मागितला असेल तर तो अंतिम. चुकून असो, मुद्दाम असो, मंडळ ऐकून घेत नाही. पण उमेदवाराला न विचारता दुसऱ्याच कुणी मागितला असेल, तर उमेदवाराने स्वतः हजर राहून स्वतःच्या हाताने तक्रार लिहून द्यायची. मग परतावा रद्द होतो आणि उमेदवारी शाबूत राहते.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. तक्रार आली की ज्या केंद्रातून हे झालं त्याचा कोड त्याच दिवशी बंद. चौकशी होईपर्यंत बंद, आणि चौकशी कधी होईल ते मला विचारू नका, असं त्या म्हणाल्या. आणि एक, आज ऑफिस सुटताना परताव्यांची यादी बँकेत जाते. एकदा नाव बँकेत गेलं की ब्रह्मदेव आला तरी काही होणार नाही.

"हे केंद्रवाले फार माजलेत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या अर्जात स्वतःचा नंबर टाकतात. माणूस जिवंत आहे की मेला, यांना पत्ता नसतो. तुम्ही त्याला सोडू नका."

वहिनीने मान हलवली. दुसरं करणार काय? खिडकीपासून ती मागे झाली तेव्हा तिचे कान तापले होते. इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं तर दुकान जातं, न बोलावं तर वन्संचा जन्म जातो.

तिचा नवरा टायरच्या गोदामात होता, ऑफिसपासून फार लांब नाही. ती तिथे गेली. तो टायर मोजून घेत होता, हात काळे, कपाळावरही काळं लागलेलं. गोदामात काम कमी झालं होतं, त्याला महिन्यातून बरेच दिवस घरीच बसवत होते. घर चालत होतं ते वहिनीच्या दुकानावर, आणि त्या कोडशिवाय दुकान म्हणजे नुसत्या झेरॉक्स. हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून बोलायची गरज पडली नाही. तिने सगळं सांगून टाकलं. तो बराच वेळ चिंधीने बोटं पुसत राहिला.

मग म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. परीक्षा तर रद्द झालीच आहे, फी परत आली असं सांगू. दुसरं पान ताईला कोण दाखवणार आहे? ती काय कॉम्प्युटर उघडून बघतेय?

वहिनी म्हणाली, बहीण तुमची आहे.

"म्हणून तर सांगतोय," तो म्हणाला. "मी ओळखतो तिला. कळलं तरी ती काही बोलणार नाही."

तो वाईट माणूस नव्हता हो. बोलून झाल्यावर त्याने बायकोकडे बघायचं टाळलं, यावरून समजून घ्या. पण ते वाक्य वहिनीला लागलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं. वन्संना उद्या कळलं, परवा कळलं, कधीही कळलं, तरी त्या 'असू दे' म्हणतील आणि ओट्याकडे वळतील. आणि आपण दोघं सुटू. गेली इतकी वर्षं आपण असेच सुटत आलो, हे तिला त्या काळ्या टायरांच्या ढिगाऱ्यात उभं राहून पहिल्यांदा कळलं आणि तिला स्वतःची किळस आली. तिने पर्स काखेत मारली आणि नवऱ्याला काही न सांगता निघाली. त्याने मागून हाक मारली, ती तिने ऐकली नाही.

नर्सिंग होमला पोचेपर्यंत दुपार कलली होती. वन्संची पाळी संपली होती, पण पुढची नर्स आली नव्हती म्हणून त्या थांबल्या होत्या. अशा वेळी त्याच थांबायच्या, हे काय वेगळं सांगायला हवं? वहिनी बाकावर टेकली. भिंतीवरचं घड्याळ तिच्या समोरच होतं. वन्सं या खोलीतून त्या खोलीत जात होत्या, कुणाचं सलाइन बदलत होत्या, कुणाची उशी नीट करत होत्या, आणि वहिनीकडे बघून नुसत्या डोळ्यांनी विचारत होत्या, काय गं? शेवटी वहिनीलाच राहवलं नाही. धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत तिने वन्संना गाठलं आणि दार लोटून घेतलं.

सांगितलं सगळं. आडपडदा न ठेवता सांगितलं. आपण परतावा मागितला, दुसरं पान वाचलं नाही, आता उमेदवारी जाणार, आज ऑफिस बंद व्हायच्या आत तक्रार दिली तर वाचेल, आणि तक्रार दिली की दुकान बंद. वन्संच्या हातात चादरींची चळत होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही.

"मुद्दाम केलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी गेले तर घरचं कोण बघणार, असं काही?"

वहिनीला हो म्हणणं सोपं गेलं असतं. निदान त्यात वन्संची किंमत तरी राहिली असती. पण खोटं किती बोलायचं?

"नाही, वन्सं. तुमचा विचारच आला नाही मनात. यादीत नाव होतं, तुम्ही आत होतात, आणि तुम्हाला विचारायचं असतं हेच मला सुचलं नाही."

वन्सं चादरींच्या घड्या सरळ करायला लागल्या. सरळच होत्या, तरी करत राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, की असू दे. दुकान बंद पाडून नोकरी मिळवायची, मुलांच्या तोंडचा घास काढायचा, हे काही त्यांना जमणार नाही. परीक्षा पुन्हा होणार कधी, निवड होणार कधी, भरवसा कशाचा आहे?

वहिनी भडकली. आता तिने भडकावं असं काही उरलं नव्हतं, अपराधी तीच, पण राग आला तो आलाच.

"तुम्ही असू दे म्हणता आणि आम्ही असू देतो," ती म्हणाली. "तुमचा भाऊ मला हेच म्हणाला. ताई काही बोलणार नाही म्हणाला. तुम्ही आज नाही म्हणालात तर मी सुटले, वन्सं. घरी जाऊन निवांत जेवीन. तसं करू का?"

भावाने आपल्याबद्दल काय म्हटलं, ते वन्संच्या आत कुठेतरी जाऊन बसलं असावं. त्यांनी चादरी फळीवर ठेवल्या, अंगावरचा हिरवा एप्रन काढला, त्याची घडी घातली आणि बाहेर जाऊन मेट्रनला सांगितलं, मी निघते. मेट्रनने विचारलं, पण दुसरी अजून आली कुठे? वन्सं म्हणाल्या, माझी पाळी कधीच संपली आहे. मेट्रन त्यांच्याकडे बघतच राहिली.

बस भरलेली आणि सिग्नलगणिक अडणारी. वहिनी सारखी घड्याळ बघत होती, वन्सं समोर बघत होत्या. ऑफिसच्या आधीच्या चौकात वाहनं हलेनात तेव्हा दोघी उतरल्या आणि चालत, मग चालता चालता पळत निघाल्या. वहिनीला धाप लागली. वन्सं पुढे होत्या, आयुष्यभर वॉर्डात पळायची सवय. शिपाई लोखंडी सरकता दरवाजा ओढून घेत होता. वन्संनी त्या फटीत हात घातला आणि म्हणाल्या, मला आत जायचंय. आवाज चढवला नाही, पण असं काही बोलल्या की शिपाई बाजूला झाला.

खिडकीतल्या बाई पर्स आवरत होत्या. वहिनीला बघून त्यांनी सकाळचं ओळखलं आणि तोंड वाकडं करत पर्स पुन्हा खाली ठेवली. कोरा कागद पुढे सरकवला. उमेदवाराने स्वतःच्या हाताने लिहायचं, लवकर.

वन्संनी पेन घेतलं. नाव लिहिलं, अर्जाचा क्रमांक लिहिला आणि थांबल्या. त्यांना पुढे लिहिता येईना. आयुष्यात कुणाविरुद्ध एक ओळ लिहिलेली नाही, सुचणार कुठून? मागच्या भिंतीवर घड्याळ टिकटिकत होतं, एक माणूस याद्यांचा गठ्ठा घेऊन दाराशी येऊन उभा राहिला होता. बाई म्हणाल्या, लिहा ना हो.

वहिनी पुढे सरकली. गल्लीचे अर्ज लिहून ज्या बाईचं पोट भरत होतं, तिने स्वतःविरुद्धची तक्रार सांगायला सुरुवात केली. "लिहा," ती म्हणाली. "माझा अर्ज खालील केंद्रातून भरण्यात आला होता." तिने स्वतःच्या केंद्राचा कोड तोंडपाठ सांगितला. वन्संनी लिहिला. "सदर केंद्र चालवणाऱ्या व्यक्तीचं नाव." तिने स्वतःचं नाव सांगितलं, ते, जे गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. सकाळी हिनेच मान हलवली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दाराशी उभ्या माणसाला हाताने थांबायची खूण केली.

"त्या व्यक्तीने माझा परतावा," वहिनी सांगत होती. वन्संचं पेन तिच्या पुढे गेलं. त्यांनी लिहिलं, 'चुकून.'

"चुकून लिहू नका," वहिनी म्हणाली. "चुकून लिहिलंत तर फेटाळतील."

"पण चुकूनच केलंस ना?"

"नाही. न विचारता केलं. 'मला न विचारता' असं लिहा."

वन्संनी वहिनीकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे, वहिनीला तो फार वाटला. मग त्यांनी 'चुकून'वर आडवी रेघ मारली आणि वरच्या बाजूला दाबून, सुटी सुटी अक्षरं काढत लिहिलं, 'मला न विचारता.' पेनाचा वळ कागदाच्या मागच्या बाजूला उठला असेल. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी लिहिलं, की मला फी परत नको आहे, मला परीक्षेला बसायचं आहे. सही केली. आणि आपला स्वतःचा मोबाइल नंबर लिहिला.

बाईंनी शिक्का मारला, कॉम्प्युटरवर काहीतरी केलं. दाराशी उभ्या माणसाच्या यादीतलं एक नाव खोडलं गेलं. मग बाईंनी सांगितलं, उमेदवारी कायम. आणि वहिनीकडे वळून जरा खालच्या आवाजात सांगितलं, कोड आजपासून बंद, चौकशीचं पत्र घरी येईल. वहिनी म्हणाली, बरं.

बाहेर बस स्टॉपवर दोघी उभ्या राहिल्या. ऑफिसं सुटली होती, माणसांची रीघ लागली होती. वहिनीच्या पर्समध्ये फोन वाजत होता. गल्लीतलं कुणीतरी असणार, फी आली का विचारायला. तिने तो बंद करून टाकला. आता मुलांच्या शाळेची फी, घरभाडं, नवऱ्याचा चेहरा, सगळं तिच्यापुढे उभं राहिलं होतं आणि तरीही छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. ती म्हणाली, "वन्सं, चुकलं माझं." आणि वाट बघत राहिली. 'असू दे' ऐकायची तिला इतकी सवय झाली होती की ते आल्यासारखंच वाटलं.

ते आलं नाही.

"मला तुझा राग आलाय, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "फार आलाय. मुद्दाम केलं असतंस तर एवढा आला नसता." त्यांचा आवाज कापत होता, असं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा कापतो तसा. "लवकर जाणार नाही तो. तुझ्यावरचाही नाही आणि त्याच्यावरचाही नाही."

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू द्या," ती म्हणाली. "हवा तितका राहू द्या."

बस आली. आत बऱ्यापैकी जागा होती. वन्सं खिडकीपाशी बसल्या आणि शेजारच्या सीटवर त्यांनी आपली पर्स ठेवली. वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसली.